डब्यातला संबळ

त्या मशीनचा मला पहिल्या दिवसापासून राग होता, आणि त्यालाही माझा असावा. काळं, चपटं, वर नऊ रबरी चौकोन आणि मधे बोटभर खिडकी. त्या खिडकीत हिरव्या उजेडात इंग्रजी अक्षरं सरकायची. आपण काहीही करायला सांगितलं की ते उलट आपल्यालाच विचारायचं, नक्की का? सासूबाई गेल्यानंतर मला इतक्या वेळा ‘नक्की का’ कोणी विचारलं नव्हतं.

घरात सगळे त्याला डबाच म्हणायचे, कारण त्यात भरायचं असायचं.

आमचा वाद्यवृंद होता, नाशिकला, सिडकोत. नव्वदच्या दशकात हळदी, साखरपुडे, गणपती आणि नवरात्र यांवर आमचं वर्ष चालायचं. ह्यांचा कीबोर्ड, धाकट्या दिराचं ऑक्टोपॅड, आणि गाणारे गरजेप्रमाणे बोलवायचे. जुन्या ऑक्टोपॅडमध्ये कंपनीनं जे आवाज घालून दिलेले असत तेच वाजायचे. ढोलकी मागितली तर ढोलकीसारखं काहीतरी मिळायचं, जसं लग्नाच्या पंगतीत पनीर मागितलं की पनीरसारखं काहीतरी मिळतं. मग दोन हजार साल उलटल्यावर हा डबा आला. ह्यात बाहेरचे आवाज आणून भरता येत होते. कोणताही आवाज घ्या, कार्डात घाला, कार्ड डब्याच्या कडेला खुपसा, आणि तो आवाज एका रबरी चौकोनाला जोडून टाका. चौकोनावर काठी मारली की तो बोलणार. चौकोनाला सगळे पॅड म्हणायचे, म्हणून मीही पॅडच म्हणते.

डब्याबरोबर जाडजूड पुस्तक आलं होतं. ह्यांनी त्यातली चित्रं पाहिली. दिरानं तीही पाहिली नाहीत. तो वाजवणारा, त्याला वाचायची काय गरज. मग ते पुस्तक मी वाचलं.

त्या वेळची मी म्हणजे एक बघण्यासारखा प्रकार होता. पंचेचाळिशीची, बी.कॉम., आणि त्या बी.कॉम.चा उल्लेख कोथिंबीर घेतानाही करणारी. कमरेला चेनची पिशवी, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी वायरींवरून साडी उचलून अशी चालायचे की जणू मंडपातली वीज मीच घरून आणली आहे. ती बाई आज समोरून आली तर मी रस्ता बदलीन.

पण एक खरं, डब्याचं गणित तिला जमलं होतं. डब्याच्या पोटात जागा फार थोडी. सगळे आवाज एकामागोमाग लावले तर एखादी आरती जेमतेम पुरी व्हावी, एवढीच. शिवाय दोन्ही कानांना वेगवेगळा ऐकू येणारा आवाज भरला की तो दुप्पट जागा खायचा. मी सगळे आवाज एका कानाचे करून टाकले. अशोक स्तंभाजवळच्या सायबर कॅफेत बसून मी हे करायचे. संगणकावर आवाजाचं डोंगररांगेसारखं चित्र उमटायचं, आणि भेंडीचे देठ काढावेत तसा मी त्याचा पुढचा-मागचा भाग उडवायचे. कॅफेचा मालक माझ्याकडे संशयानं बघायचा. बाकीची गिऱ्हाईकं पडदे ओढून काय बघत होती त्याचा त्याला संशय नव्हता, माझ्या ढोलकीचा होता.

दिराचं आणि माझं पहिलं भांडण झांजेवरून झालं.

“वहिनी, झांजेची शेपटी कुठंय?”

“कापली.”

“का?”

“जागा खात होती.”

“झांज वाजवल्यावर लांबत जाते, वहिनी. तीच तर झांज असते. ही तर ताटली पडल्यासारखी वाटतेय.”

“तिला काय लांबायचंय ते तिच्या घरी लांबू दे, भाऊजी. माझ्या डब्यात जागा नाही.”

तो बरोबर होता. पण त्या काळी बरोबर असलेल्या माणसांशी मी बोलत नसे.

डब्यातला खरा ऐवज एकच होता, संबळ. तो मी स्वतः हरसूलहून आणला होता. तिकडे बोहाड्यात देवांचे मुखवटे घालून नाचतात, तेव्हा संबळ वाजवणारा एक माणूस होता. त्याच्या अंगणात मी टेपरेकॉर्डर घेऊन जाऊन बसले. त्यानं मला पाणी दिलं, पण संबळाला हात लावेना.

“काय हाय घरात? लगीन?”

“लग्न नाही. फक्त आवाज हवाय.”

“लगीन नाय, देव नाय, आन संबळ वाजवू? पाड्यावरची लोकं धावत येतील, ईचारतील काय झालं. काय सांगू? बाईला आवाज पाह्यजे?”

मी बराच वेळ समजावलं. तो माणूस दगड. शेवटी मी म्हटलं की माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, त्याचाच संबळ ऐकायला आलेय. मला मुलगी नाही. त्यानं लगेच संबळ गळ्यात अडकवला, आणि खरोखरच अर्धा पाडा धावत आला. बायकांनी जावई काय करतो विचारलं. मी म्हटलं दुबईला असतो. एका म्हातारीनं मला वाकून नमस्कार करायला लावला आणि पोरीला आशीर्वाद म्हणून माझ्या पदरात तांदूळ घातले. ते तांदूळ घेऊन मी एस.टी.नं घरी आले आणि त्यांचा भात केला. नसलेल्या मुलीच्या लग्नाचा.

संबळ मात्र काय आला होता. मोठ्या तोंडाचा घुमणारा आणि लहान तोंडाचा टणत्कार, दोन्ही. शेवटी मागे कोंबडा आरवला होता, तो मी कापला. डब्यात भरून दिरानं पहिल्यांदा काठी मारली. पुन्हा मारली. मग उठून पंखा बंद केला आणि पुन्हा मारली. आमच्या कॉलनीचं नवरात्र मंडळ त्या वर्षापासून आरतीला आमच्या संबळाशिवाय उभं राहीना.

आणि मग भाऊ फुटले. फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा, यावरून. मला सांगायला लाज वाटत नाही, कारण त्यात मीही होते. थोरल्याचाच मोठा असायला हवा, असं मी फ्लेक्सवाल्याला परस्पर सांगून आले होते. घर दुमजली, आम्ही वर, ते खाली, जिना बाहेरून. दिरानं स्वतःची पार्टी काढली आणि हुबेहूब तसाच डबा आणला. मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून म्हणाला, “वहिनी, आवाज द्या. निम्मे माझे आहेत.”

मी वरून म्हटलं, “हात तुमचे आहेत, ते घेऊन जा. आवाज माझे.”

“संबळ तुमचा? तो हरसूलच्या माणसाचा आहे.”

“मग त्याच्याकडे मागा.”

त्यानं मागितला नाही. मुंबईच्या कुणा मित्राकडून तो परदेशी ढोल, परदेशी टाळ्या, परदेशी काय काय भरून घेऊन आला. खालून दिवसभर त्याचा सराव चाले. घरात भांडी घासली तरी ताल धरल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे त्याच्या जागी भाड्यानं आणलेला पॅडवाला होता. तो भला माणूस, पण वाजवायचा पोळी लाटल्यासारखा, गोल गोल. मंडळाचे लोक आमच्याकडे अजून येत होते ते फक्त संबळासाठी. संबळ खाली गेला असता तर आमचं नवरात्र खाली गेलं असतं, आणि नवरात्राशिवाय ह्यांच्या पार्टीत उरलं काय होतं? हे मला कळत होतं, ह्यांना कळत होतं, आणि खालच्या दोघांनाही चांगलंच कळत होतं.

खालची दुसरी म्हणजे माझी धाकटी जाऊ. गोड बोलणारी. तिच्या गोड बोलण्यानं माझं डोकं दुखायचं. भाऊ फुटल्यावर आमचं तोंडावर बोलणं बंद झालं, पण वाट्या चालू होत्या. म्हणजे तिनं शिरा केला की वाटीभर जिन्याच्या मधल्या चौथऱ्यावर ठेवायचा, झाकून. मी वाटी घासून परत ठेवायची, पण रिकामी नाही. रिकामं भांडं परत देणं मला सासूबाईंनी शिकवलेलंच नव्हतं. चिमूटभर साखर, दोन खारका, अगदीच काही नसलं तर मिठाचा खडा, पण काहीतरी घालूनच वाटी द्यायची. आमच्यात इतकं वैर होतं की एकमेकींचं तोंड दिसलं तर दार लावायचो, पण तिची वाटी कधी माझ्याकडून रिकामी गेली नाही. तिनं चारचौघांत ‘ताईंनी रिकामी वाटी पाठवली’ असं म्हटलं असतं तर मी कॉलनी सोडली असती.

त्या वर्षी भाद्रपदात माझं कार्ड गेलं. गेलं म्हणजे मी ते धुतलं, कमरेच्या पिशवीसकट, वॉशिंग मशीनमध्ये. कार्ड नसलं तरी डब्यातले आवाज डब्यात शाबूत होते, फक्त नवा आवाज आत नेता येत नव्हता. आणि मला घुंगरू भरायचे होते. कॅफेच्या संगणकावर कापून, निवडून तयार होते. मेन रोडचा दुकानदार म्हणाला, असलं कार्ड मुंबईहून मागवावं लागेल, दसऱ्यानंतर या.

मी जिन्यात उभी राहून हवेत बोलले, “कोणाकडे जास्तीचं कार्ड असतं तर बरं झालं असतं.”

हवेनं लगेच उत्तर दिलं नाही. पण दुपारी चौथऱ्यावर वाटी आली, वर ताटली झाकलेली. आत कार्ड. आणि दाराआडून आवाज आला, “ताई, ह्यांना सांगू नका. ड्रॉवरमधून काढलंय. दोन दिवसांत द्या.”

माझं काम झालं. कॅफेत घुंगरू कार्डात घातले, तेव्हा कार्डात आणखीही काहीतरी दिसलं होतं, चमत्कारिक इंग्रजी नावांचं. मला वाटलं, कार्डाचं आपलं काहीतरी असेल. घरी येऊन घुंगरू डब्यात उतरवले, कार्डातले पुसून टाकले, आणि वाटी परत करायची वेळ आली.

साखर घालायला गेले आणि थांबले. त्या कार्डाच्या एका कडेला बारीक बारीक भोकांच्या रांगा होत्या. त्यात साखरेचा कण गेला तर कार्ड बिघडायचं आणि नाव माझं व्हायचं. एक केळं ठेवलं असतं तर भागलं असतं. आज मला हे दिसतं. त्या दिवशी मला केळं सुचलं नाही. त्या दिवशी मला हुशारी सुचली.

मी ठरवलं, वाटी कार्डाची आहे, तर आत द्यायचाही आवाजच. चिमूटभर. घुंगरूच देऊ. घुंगरानं काही कोणाचं नवरात्र जात नाही, आणि जावेलाही कळेल की वरची बाई कार्डसुद्धा रिकामं पाठवत नाही. मी खिडकीत घुंगरू आणले, घुंगरूच आहेत ना हे दोनदा बघितलं, आणि कार्डात ‘साठव’ म्हणून सांगितलं. खिडकीत आलं की पहिल्या जागेवर आधीच काहीतरी आहे, त्यावर लिहू का. कुकरची शिट्टी झाली. मी ‘हो’ दाबलं. नक्की का? म्हटलं हो बाई, नक्की.

चिमूटभर आवाजाला त्यानं चहा उकळेपर्यंत वेळ लावला. मला वाटलं मशीन म्हातारं झालं. त्या जाड पुस्तकाची पानं मी पिवळी केली होती, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. साठवायला सांगितलं की तो डबा खिडकीत दिसतो तेवढाच आवाज साठवत नाही. तो पोटातलं सगळं साठवतो. सगळे आवाज, कोणत्या पॅडला कोणता जोडलाय ते, सगळं. मी स्वतः नेहमी सगळंच साठवायचे, त्यामुळे चिमूटभर द्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

कार्ड वाटीत गेलं, वाटी चौथऱ्यावर गेली, आणि मी स्वतःवर खूश होऊन जेवले.

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी मी घटासाठी माती चाळत बसले होते. खालून संबळ वाजला.

चाळणी हातात तशीच राहिली. आधी वाटलं भास. मग पुन्हा वाजला. ज्या ठिकाणी मी कोंबडा कापला होता, बरोबर त्याच ठिकाणी तुटलेला. आपल्या हातानं कापलेलं आपण ओळखतोच. आणि तो काय वाजत होता. आमचा पोळीवाला वाजवायचा तसा नाही. मातीचे हात घेऊन मी जिना उतरले आणि मधे मला दीर भेटला, तो वर येत होता. दोघं एकदम बोललो.

“वहिनी, हे काय करून ठेवलंय?”

“चोर.”

“मी चोर? माझं सगळं पुसलंत तुम्ही. नवरात्राचा अख्खा सेट कार्डात ठेवला होता मी. आत्ता कार्ड लावलं, डब्यात चढवलं, तर डब्यातलं होतं ते गेलं आणि वर तुमचं आलं. तुमची शेपटी तुटलेली झांज, तुमची ढोलकी. माझा एक आवाज शिल्लक नाही. उद्या गंगापूर रोडला पहिला दिवस आहे माझा.”

“माझा संबळ तुमच्या डब्यात आहे आणि वर तुम्हीच ओरडताय?”

“तो मी आणला? माझं कार्ड तुमच्या हातात गेलंच कसं?”

इथे दोघांनाही उत्तर एकदमच कळलं. जाऊ त्यांच्या दारात उभी होती. ती त्या दिवशी गोड बोलली नाही.

“मी दिलं,” ती म्हणाली. “ताई रिकामं भांडं देत नाहीत, मला माहीत होतं. म्हटलं, एखादा आवाज येईल आत. संबळच येईल असं नाही, पण काहीतरी येईल. सगळं घर उचलून देतील असं काही मला वाटलं नव्हतं.”

“आणि माझा सेट होता त्याच्यावर, ते?” दीर म्हणाला.

“मला काय माहीत तुमचा सेट कुठे असतो. तुम्ही कधी सांगता का काही.”

मी तिला म्हटलं, “म्हणजे तू माझ्या सासूबाईंच्या शिकवणीवर टपून बसली होतीस.”

“माझ्याही सासूबाईच होत्या त्या, ताई.”

एवढ्यात हे खाली आले. मला वाटलं, आता थोरल्या भावासारखं दोन शब्द ऐकवतील. ह्यांनी सरळ आत जाऊन दिराच्या डब्यावरची काठी उचलली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “पुन्हा वाजव.” त्यानं वाजवला. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मग मला म्हणाले, “बघ ना, याच्या हातात काय लागतोय तो.”

बाहेरच्यानं घरात घुसून लुटलं असतं तरी मला एवढा राग आला नसता.

पुढचा तासभर जे झालं त्यात कोणी कोणाची माफी मागितली नाही. दिराला दुसऱ्या दिवशी वाजवायचं होतं, त्याचे आवाज परत येणार नव्हते, मुंबईचा मित्र फोन उचलत नव्हता. माझे आवाज वापरल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं. पण ते माझ्या पोळीवाल्याच्या सोयीनं लावलेले होते. ढोलकी डावीकडे, झांज भलतीकडे. ते त्याच्या हाताप्रमाणे बदलून द्यायला अख्ख्या सिडकोत एकच माणूस होतं, आणि ते माणूस मातीच्या हातांनी त्याच्या सोफ्यावर बसलं होतं.

“लावून देते,” मी म्हटलं. “पण संबळ तुमच्या डब्यात राहणार नाही. तो तुमच्यासमोर पुसणार.”

“पुसा,” दीर म्हणाला. “मला नकोच आहे तुमचा संबळ.”

“कार्डातूनही.”

“कार्डातूनही पुसा.”

मी हात धुतले, चष्मा लावला आणि बसले. त्याच्या हाताप्रमाणे एकेक पॅड लावून दिलं. तो बोटानं दाखवत होता, तोंडानं नाही. सगळं झाल्यावर संबळ शोधला आणि ‘पूस’ सांगितलं. नक्की का, असं खिडकीनं विचारलं. मी दिराकडे बघितलं, तो भिंतीकडे बघत होता. पुसला. त्यानंतर कार्डाला झाडून पुसून नवा सेट त्यात साठवून दिला.

आता, उजवीकडच्या खालच्या पॅडला एकत्र होतो तेव्हापासून संबळ जोडलेला होता. आवाज पुसला तरी जोडणी तशीच राहते. पॅड त्या आवाजाचं नाव धरून बसतं, पण काठी मारली की काहीच येत नाही. मला हे ठाऊक होतं. तिथे मी दुसरा कुठलाही आवाज जोडून दिला असता. मी दिला नाही, कारण त्यानं सांगितलं नाही. आणि त्यानं सांगितलं नाही, कारण त्यासाठी ‘वहिनी’ म्हणावं लागलं असतं.

पहिले दोन दिवस मी कान टवकारून बसले. खालून काहीच येईना, ना तक्रार, ना सराव. तिसऱ्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं की गंगापूर रोडच्या देवीचं दर्शन घेऊन येते. रिक्षानं गेले, खरोखर दर्शन घेतलं, आणि मंडपाच्या बांबूला टेकून उभी राहिले. मला बघायचं होतं, मुक्या पॅडवर काठी पडते तेव्हा दिराचं तोंड कसं होतं.

त्याचा हात सवयीचा. जिथे जोर द्यायचा तिथे तो उजवीकडच्या खालच्या पॅडवरच जात होता. जात होता आणि काहीच येत नव्हतं. सगळा ताल धावत यायचा आणि नेमक्या जोराच्या जागी खड्डा. मला आतून इतकं बरं वाटलं की मी पदर तोंडाला लावला.

मग माझ्या लक्षात आलं की गरब्याच्या रिंगणातल्या बायका त्या खड्ड्यात टाळी मारताहेत.

आधी चार-पाच जणी असतील. पुढच्या फेरीला सगळं रिंगण. ताल धावत यायचा, एकदम गप्प व्हायचा, आणि शे-दीडशे बायकांची टाळी पडायची. मग पुन्हा ताल. दिरानं मान वर केली. त्याला आधी कळलं नाही, मग कळलं. पुढच्या वेळी त्यानं त्या पॅडवर काठी नेली, पण टेकवली नाही, वरच्यावर थांबवली. आणि हसला. तसा तो भाऊ फुटल्यापासून हसला नव्हता.

मी परत येऊन ह्यांना म्हटलं, दर्शन चांगलं झालं.

आमच्या मंडळात त्या वर्षी संबळ वाजला. आरतीला माझ्या डब्यातून, पोळीवाल्याच्या हातून. लोकांनी हात जोडून ऐकला. दसरा झाल्यावर मंडळाचे चिटणीस घरी आले. चहा घेतला, ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि बशीत बघत म्हणाले, “पुढच्या वर्षी बायकांचं म्हणणं आहे, तो टाळीचा गरबा आपल्याकडे हवा. खालची पार्टी.”

मी म्हटलं, “त्यांच्याकडे संबळ नाही.”

“असू दे हो वहिनी. आरतीला काय, घंटा आहे, टाळ आहेत.”

त्यांच्या चहात मी दुसऱ्यांदा साखर घातली नाही, एवढंच मला करता आलं.

ह्यांची पार्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंत कशीबशी टिकली. मग एक दिवस हे कीबोर्ड घेऊन जिना उतरले आणि दिराच्या टेम्पोत ठेवून आले. मला विचारलं नाही. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “कीबोर्डला कोणी तरी लागणारच ना त्याला.” भाऊ एक झाले. फ्लेक्सवर दोघांचे फोटो सारख्या आकाराचे. जाऊ मंडपात खुर्च्या मोजते, गायिकांना पाणी देते, माझी कमरेची पिशवी होती तशीच एक पिशवी तिनं घेतली आहे, पण गुलाबी.

मला दोघांनी बोलावलं, खोटं कशाला सांगू. दीर वर आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, “वहिनी, संबळ घेऊन या. आरतीला वाजवू.”

“नाही,” मी म्हटलं.

“का?”

“माझा आहे.”

तो जिना उतरून गेला. तो पुन्हा विचारील असं मला वाटलं होतं. त्यानं विचारलं नाही. जे पाहिजे ते त्याला मी आधीच करून दिलं होतं, स्वतःच्या हातानं, चष्मा लावून.

डबा कपाटावर ठेवला. कधीतरी दुपारी घरात कोणी नसताना खाली काढायचे, वायर लावायचे आणि बोटानं संबळ वाजवायचे. काठी मला कधी धरता आली नाही. बोटानं तो अगदी बारीक वाजतो, दुसऱ्याच्या घरी वाजल्यासारखा. आवाज माझ्याकडे राहिला तो असा.

त्या नवरात्रात आमच्याच कॉलनीत, आमच्याच मैदानावर, पहिल्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी बसले. मंडळवाल्यांनी मुद्दाम पुढे बसवलं, वादकाच्या वहिनी म्हणून. हे कीबोर्डवर होते, गेल्या दोन वर्षांत दिसले नव्हते इतके तरतरीत. दिरानं ताल धरला. ताल धावत आला, धावत आला, त्याची काठी मी मुकं करून दिलेल्या पॅडच्या वर थांबली, आणि सगळ्या मैदानानं टाळी मारली. लहान पोरी, सुना, माझ्या वयाच्या बायका, चिटणीससुद्धा. पुन्हा ताल, पुन्हा ती काठी वर, पुन्हा टाळी.

शेजारची बाई नवीन राहायला आलेली होती. तिला काही माहीत नव्हतं. तिनं वाकून विचारलं, “काकू, तुम्ही नाही मारत टाळी?”

म्हटलं, “माझे गुडघे दुखतात.”